पंडिता रमाबाई आणि मुक्तिसदन

दुष्काळ म्हणजे काय हें पंडिता रमाबाईंस ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं. त्यांचा जन्म 1858 सालचा. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे आईवडील दुष्काळांत उपासमारीनें वारले.

पुढें 1896-97 सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारें तीनशें निराश्रित मुलींस घेऊन आल्या. पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. केवळ पोटास घालून त्या थांबल्या नाहींत. विणकाम, शेती, छपाई, रुग्णशुश्रूषा अशीं कामें त्यांनीं मुलींस विनामूल्य शिकविलीं. अंध मुलींसही बोटांनीं वाचावयास लाविलें. याचें फळ 1900 सालीं दिसलें. गुजराथच्या दुष्काळांतून शेकडों मुली आल्या, तेव्हां आधीं वांचलेल्या मुलींनीं त्यांस सांभाळिलें. प्रभूची ही दासी 5 एप्रिल 1922 रोजीं निवर्तली.

विद्यार्थिमित्रहो, पवनेला पूर येतो तेव्हां आम्हां थेरगांवकरांस नुसती कळकळ पुरत नाहीं; शिकलेले हात लागतात. प्रथमोपचाराचें शिक्षण फुकट मिळत असतां तें आपण आळसानें दवडावें काय? दयेस विद्येची जोड हवी, हेंच आम्हीं बाईंच्या चरित्रापासून शिकलों.