दोन टिंबांमागचा माणूस

संगणकाच्या काळ्या पडद्यावर काम करणाऱ्यांच्या बोटांना 'सीडी' ही दोन अक्षरं पाठ असतात. ती टाइप करून पुढे फोल्डरचं नाव दिलं की आपण त्या फोल्डरमध्ये पोहोचतो. नावाऐवजी दोन टिंबं दिली की एक पायरी वर येतो. नुसतं 'सीडी' दिलं तर थेट स्वतःच्या घरी, म्हणजे होम फोल्डरमध्ये. या आखूड वाटा ज्या युनिक्स प्रणालीमुळे जगभर रुळल्या, तिच्या दोन प्रमुख जनकांपैकी एक म्हणजे डेनिस रिची. दुसरे केन थॉम्पसन.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथं झाला. वडील बेल लॅबोरेटरीजमध्ये नोकरीला होते. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि उपयोजित गणित शिकून डेनिसही १९६७ मध्ये तिथंच रुजू झाले. मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून बेलनं १९६९ मध्ये अंग काढून घेतलं. तेव्हा थॉम्पसन यांनी फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर नवी प्रणाली उभारायला घेतली. रिची त्यांच्या जोडीला आले.

त्या काळी पडदा नव्हता, टेलिटाइप होता. कळा जड आणि छपाई सेकंदाला जेमतेम १० अक्षरं. प्रत्येक जादा अक्षर बोटांना आणि वेळेला महाग पडे. युनिक्सच्या आज्ञा दोन-तीन अक्षरांत का आटोपतात, याचं एक कारण हे आहे.

सुरुवातीला फाइलचा पूर्ण मार्ग एका ओळीत लिहायची सोयही नव्हती. त्यामुळे फोल्डर बदलण्याची आज्ञा सतत लागायची. एकदा थॉम्पसन यांनी प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र उपप्रक्रिया सुरू करण्याची सुधारणा केली आणि हीच आज्ञा अचानक बंद पडली. बराच काळ कोड तपासल्यावर कारण सापडलं. आज्ञा आपलं काम चोख करत होती, पण फोल्डर बदलत होता तो उपप्रक्रियेचा. ती संपली की मूळ प्रक्रिया होती तिथंच! शेवटी ही आज्ञा शेलनं, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनं, स्वतःच पाळायची असं ठरलं. आजही ती तशीच चालते. ही फजिती रिची यांनी पुढे आपल्या लेखात मोकळेपणानं सांगितली.

१९७२ च्या सुमारास त्यांनी सी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत नव्यानं लिहिला गेला. त्यामुळे ती प्रणाली एका यंत्राला बांधलेली राहिली नाही. आज अँड्रॉइड फोनमधला लिनक्सचा गाभा सी भाषेत आहे, तर आयफोनची प्रणाली युनिक्सच्या वंशातली आहे. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तरीही रिची प्रसिद्धीपासून दूरच राहिले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

अखेरच्या काळात प्रोस्टेटचा कर्करोग आणि हृदयविकार यांनी त्यांची प्रकृती खालावली होती. न्यू जर्सीतल्या बर्कले हाइट्समध्ये ते एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरात मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षं. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्ज गेले होते. त्या बातमीच्या गदारोळात ही बातमी अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली ग्रंथी. तिचा कर्करोग सुरुवातीला बहुधा कोणतंच लक्षण दाखवत नाही. रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं किंवा धार बारीक होणं हे अनेकदा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळेही होतं. पण 'वयाचं आहे' म्हणून ते सोडून देऊ नये. लघवीतून रक्त गेलं तर लगेच तपासणी करावी. पन्नाशीनंतर पीएसए या रक्तचाचणीबद्दल डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा. घरात हा आजार कुणाला झाला असेल तर त्याआधीच. आजाराच्या काही उपचारांचा हृदयावरही ताण येऊ शकतो, म्हणून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी चुकवू नये. आणि घरात एकटं राहणारं वडीलधारं माणूस असेल, तर रोज एक फोन जरूर करावा.