जमशेदजी टाटा

जमशेदजी नसरवानजी टाटा (जन्म : नवसारी, ३ मार्च १८३९, मृत्यू : बाड नाउहाइम, जर्मनी, १९ मे १९०४) हे भारतीय उद्योजक व दानशूर व्यक्ती होते. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था यांच्या योजनांमुळे ते सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या हयातीत प्रत्यक्षात उतरलेले त्यांचे मुख्य कार्य कापडधंद्यातील होते. भारतीय गिरणीत लँकेशायरच्या तोडीचे तलम सूत निघू शकते, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी मुंबईजवळच्या कुर्ल्यात आपली प्रतिष्ठा आणि संपत्ती पणाला लावली.

पूर्वायुष्य

जमशेदजींचा जन्म पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. त्यांचे वडील नसरवानजी यांनी कुळाचा व्यवसाय सोडून मुंबईत व्यापार सुरू केला होता. जमशेदजी लहानपणीच वडिलांकडे आले व १८५८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण संपवून पेढीत दाखल झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला. कच्चा कापूस परदेशी पाठवून मिळणारा नफा किती बेभरवशाचा असतो, हे या पडझडीने दाखवून दिले. १८६८ मध्ये त्यांनी २१,००० रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढल्याच वर्षी चिंचपोकळीतील एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली. ‘अलेक्झांड्रा मिल’ नावाची ही गिरणी दोन वर्षांनी नफ्यात विकून ते लँकेशायरमधील वस्त्रोद्योग पाहण्यासाठी इंग्लंडला गेले.

एम्प्रेस मिल

त्या काळी गिरण्या मुंबईत काढण्याचा प्रघात होता. जमशेदजींनी मात्र कापसाचे क्षेत्र, लोहमार्ग आणि कोळसा जवळ असलेले नागपूर निवडले. १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. सुरुवातीला घेतलेली स्वस्त यंत्रे निकृष्ट ठरली, तेव्हा ती बदलून नवी बसवण्यात आली. लँकेशायरमध्ये तेव्हा ‘म्यूल’ यंत्रांचे वर्चस्व होते. म्यूलवर धागा आधी पिळला जातो व मग गुंडाळला जातो. रिंग चातीवर ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. इंग्लंडमधील कारखानदार रिंग चातीबद्दल साशंक असतानाच नागपुरात तिचे प्रयोग झाले आणि ती यशस्वी ठरली. यंत्रांइतकेच लक्ष कामगारांकडेही दिले गेले. कोंदट हवेच्या जागी वायुवीजन व आर्द्रतेची सोय, आग विझवण्याची फवारणी यंत्रणा, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची नुकसानभरपाई ही त्याची उदाहरणे होत.

कुर्ल्याची स्वदेशी मिल

१८८६ मध्ये जमशेदजींनी कुर्ल्यातील डबघाईला आलेली धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. तिला त्यांनी ‘स्वदेशी’ हे नाव दिले. बंगालमधील स्वदेशी चळवळीच्या सुमारे १९ वर्षे आधी. येथे जाडेभरडे नव्हे, तर तलम सूत व कापड काढायचे, असा त्यांचा संकल्प होता.

सुताचा तलमपणा ‘नंबर’ने मोजतात. ८४० यार्डांची एक लड, याप्रमाणे एक पौंड वजनात जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. बहुतेक भारतीय कापसाचे तंतू आखूड असल्याने बारीक धागा वारंवार तुटत असे. त्यातच कुर्ल्याची यंत्रे जुनाट होती. पहिल्या काही वर्षांत तोटा झाला, समभागांचे भाव घसरले आणि टाटांच्या नावावरील बाजाराचा विश्वास डळमळला. गिरणी विकून मोकळे होण्याऐवजी जमशेदजींनी स्वतःची रक्कम तिच्यात ओतली. त्यासाठी एम्प्रेस मिलचे काही समभागही विकले. नागपूरहून निवडक माणसे आणली, यंत्रे बदलली आणि कालांतराने स्वदेशी मिल नावारूपाला आली.

गिरणी सावरली तरी अडथळे संपले नाहीत. कच्च्या मालाचा प्रश्न मुळापासून सोडवण्यासाठी त्यांनी भारतात लांब तंतूचा इजिप्शियन कापूस पिकवण्याविषयी टिपण प्रसिद्ध केले. चीनकडे जाणाऱ्या सुतावर परदेशी जहाज कंपन्या भरमसाट भाडे घेत. ते उतरवण्यासाठी त्यांनी जपानी कंपनीशी हातमिळवणी करून जहाजे चालवली, पण भाड्याच्या चढाओढीत हा प्रयत्न टिकला नाही. १८९४ मध्ये सरकारने २० नंबरावरील देशी सुतावर ५ टक्के अबकारी कर लादला. १८९६ मध्ये त्याऐवजी गिरणीच्या सर्व कापडावर साडेतीन टक्के कर आला. पहिल्या कराचा भार नेमका तलम सुतावर, म्हणजे जिथे भारतीय गिरण्या लँकेशायरशी स्पर्धा करू पाहत होत्या तिथेच पडला.

अखेरची वर्षे व वारसा

म्हैसूर संस्थानात जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने रेशीम उत्पादनाचा प्रयोगही त्यांनी केला. १८९८ मध्ये विज्ञान संशोधन संस्थेसाठी आपल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा देऊ केला. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे त्यांचे दफन करण्यात आले. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये आणि खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये साकारले. या कामात त्यांचे पुत्र दोराबजी यांचा पुढाकार होता.

कुर्ला तालुक्यातीलच ट्रॉम्बे येथे टाटांचे औष्णिक वीजकेंद्र १९५६ मध्ये सुरू झाले. तेथील अणुसंशोधन केंद्राचे संस्थापक होमी भाभा यांनी बंगळूरच्या याच विज्ञान संस्थेत काम केले होते. नागपूर व कुर्ल्यातील दोन्ही गिरण्या आज बंद आहेत. चुनाभट्टीतील ‘स्वदेशी मिल रोड’ या नावात कुर्ल्याच्या गिरणीची खूण उरली आहे.