सामाजी हसाजी दिवेकर

अठराव्या शतकात म्हैसूरच्या बंदिवासात पडलेल्या एका कोकणी अंमलदाराचे प्राण त्याच्या समाजाच्या नावाने वाचविले, अशी कथा आहे. ते नाव बेने इस्राएल.

हिब्रू भाषेत त्याचा अर्थ इस्राएलाची लेकरे. इस्राएल हे याकोबाचे दुसरे नाव. त्याच्या बारा पुत्रांपासून आपली बारा कुळे झाली, असे यहुदी लोक मानतात. पुढे दावीद राजाने यरुशलेम येथे राजधानी केली व त्याचा पुत्र शलमोन याने तेथे मंदिर बांधले, असे त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केले. पुन्हा उभारलेले मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी जाळले. हे लोक देशोदेशी पांगले.

त्यांच्यापैकी काहींचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्राने गिळल्या, असे बेने इस्राएल सांगत आले आहेत. ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. हिब्रूचा विसर पडला. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम सुटला नाही. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. पोथीवाचून शतकानुशतके नेम पाळणे सोपे नव्हे!

याच समाजात सामाजी जन्मले. सामाजी हे शमुवेल या हिब्रू नावाचे मराठमोळे रूप. ते इंग्रज कंपनीच्या पलटणीत होते. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते कैद झाले. कैद्यांना मृत्युदंड व्हायचा होता. तत्पूर्वी त्यांची जात विचारण्यात आली. सामाजींनी बेने इस्राएल असे सांगताच सुलतानाच्या मातेने ते नाव ओळखले. कुराणात त्या लोकांचा उल्लेख आहे. तिच्या रदबदलीने त्यांना जीवदान मिळाले, असे सांगतात.

सुटका झाल्यास देवाचे मंदिर बांधीन, असा नवस सामाजींनी केला होता. मुंबईत बेने इस्राएलांना प्रार्थनामंदिर नव्हते. सामाजींनी १७९६ मध्ये ते बांधले. त्याचे हिब्रू नाव दयेचे द्वार अशा अर्थाचे आहे.

मंदिर झाले, पण समुद्रात गेलेल्या धर्मग्रंथाचे काय? चर्मपटावर हाताने लिहिलेली तोरा आणण्यासाठी सामाजी कोचीनच्या यहुद्यांकडे गेले. तेथेच १७९७ मध्ये त्यांचा अंत झाला.

१८६० मध्ये ते प्रार्थनामंदिर नव्या इमारतीत गेले. मुंबईच्या मांडवी भागात ते आजही उभे आहे. लोक त्याला जुनी मशीद म्हणतात.