शब्दांचे सांधे ओळखणारा शेतकऱ्याचा मुलगा : ईवार ओसेन



नॉर्वेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला थंडीइतकीच धडकी भरते ती इथल्या लांबलचक शब्दांची. मुलांच्या शाळेतून पत्र येते आणि आपण एकेका शब्दापाशी अडखळतो. पण हे शब्द म्हणजे अक्षरांची नुसती रास नाही, त्यांना सांधे असतात. खेड्यातल्या साध्या माणसांच्या बोलण्यातही असे पक्के व्याकरण असते, हे ज्यांनी गावोगाव हिंडून सिद्ध केले, त्या ईवार ओसेन यांची ओळख आज करून घेऊया.

ओसेन यांचा जन्म ५ ऑगस्ट १८१३ रोजी पश्चिम नॉर्वेतल्या सुन्मेरे भागात, एर्स्ता येथे झाला. घरची शेती लहानशी आणि आठ भावंडांत हे शेंडेफळ. तीन वर्षांचे असताना आई गेली, १८२६ मध्ये वडीलही गेले. शाळा जेमतेमच झाली, पण वाचनाचा नाद मोठा. १८३१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते फिरत्या शाळेचे मास्तर झाले. पुढे एका धर्मगुरूंच्या घरी राहून लॅटिन शिकले आणि मग काही वर्षे एका कप्तानाच्या मुलांची शिकवणी केली. विद्यापीठाची पायरी मात्र विद्यार्थी म्हणून ते कधीच चढले नाहीत.

त्या काळी लोक घरी नॉर्वेजियन बोलत आणि लिहीत मात्र डॅनिश. सुमारे चार शतकांचे डेन्मार्कचे राज्य १८१४ मध्ये संपले होते, पण लेखणी डॅनिशच राहिली होती. शिकलेल्यांच्या लेखी शेतकऱ्याची बोली म्हणजे गावंढळपणा! ओसेन यांना हे खुपले. १८३६ मध्ये, बावीस वर्षांच्या या मास्तराने एका निबंधात विचार मांडला, की देशाची लिखित भाषा लोकांच्या बोलींतूनच घडवावी. हा निबंध छापून आला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

१८४१ मध्ये आपल्या भागातल्या बोलीचे व्याकरण घेऊन ते बर्गनच्या बिशपना भेटले. बिशपना काम आवडले आणि त्यातून ट्रॉन्डहाइमच्या विज्ञान संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली. १८४२ पासून चार-पाच वर्षे ते खेड्यापाड्यांतून हिंडले. शेतकऱ्यांशी, कोळ्यांशी बोलत शब्द टिपत गेले. या खटाटोपातून १८४८ मध्ये लोकभाषेचे व्याकरण आणि १८५० मध्ये सुमारे २५,००० शब्दांचा कोश तयार झाला. १८५३ मध्ये त्यांनी नव्या लिखित भाषेचे नमुने प्रसिद्ध केले आणि तिला नाव दिले 'लान्समोल'.

हे नावच एक समास आहे. 'लान' म्हणजे देश, 'मोल' म्हणजे भाषा आणि मधला 'स' हा सांधा. नॉर्वेजियनमध्ये असे शब्द सलग लिहितात. शेवटचे पद मुख्य असते आणि लिंगही त्याच्यावरून ठरते. आपल्याकडे 'देव' पुल्लिंगी असला तरी 'देवघर' नपुंसकलिंगी, कारण शेवटी 'घर' आहे. तसेच इथे 'बार्न' (मूल) नपुंसकलिंगी, 'हागे' (बाग) पुल्लिंगी, म्हणून 'बार्नेहागे' म्हणजे बालवाडी पुल्लिंगी! मधला 'ए' हाही सांधाच.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर साध्या शब्दात एकटे व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जाते: 'का-के' (केक). जोडशब्द मात्र सांध्यावरच तोडायचा आणि सांध्याचे अक्षर पहिल्या पदाकडे ठेवायचे: 'बार्ने-हागे'. आणखी एक गंमत म्हणजे 'नात्त' (रात्र) या शब्दाच्या शेवटी दोन टी, 'तोग' (रेल्वेगाडी) याच्या सुरुवातीला एक. रातगाडी लिहिताना तीन टी न लिहिता दोनच लिहितात, पण शब्द ओळीच्या शेवटी तोडला की तिसरा टी हजर!

सलग न लिहिल्यास काय होते? 'लामेलोर' म्हणजे कोकराची मांडी, खाटकाच्या दुकानात मिळते ती. तेच दोन शब्दांत लिहिले, की अर्थ होतो लुळ्या मांड्या!

ओसेन यांनी १८६४ च्या 'नॉर्स्क ग्रामातिक' या ग्रंथात शब्द कसे घडतात आणि कसे जोडले जातात यासाठी स्वतंत्र भाग ठेवला. जर्मन-डॅनिश वळणाचे उपसर्ग-प्रत्यय लावलेले शब्द ते शक्यतो टाळत. घरचे शब्द असताना उसनवारी कशाला, हा त्यांचा रोख होता. त्यांचे लेखनही मुळाला धरून होते. उच्चारात गळलेले अक्षर ते लिहिण्यात ठेवत, म्हणजे शब्दाचे कूळ ओळखू येई. १८७३ चा त्यांचा मोठा कोश सुमारे ४०,००० शब्दांचा आहे.

ओसेन यांनी लग्न केले नाही. राजधानीत भाड्याच्या खोलीत, पुस्तकांच्या गराड्यात, सरकारी मानधनावर त्यांनी आयुष्य काढले. १२ मे १८८५ रोजी संसदेने त्यांच्या भाषेला रूढ लिखित भाषेच्या बरोबरीचे स्थान दिले आणि ते पाहायला ते हयात होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२९ मध्ये लान्समोलचे नाव 'न्यूनॉर्स्क' झाले. बुकमोलच्या तुलनेत ती लिहिणारे आज कमी आहेत, पण तिचा मान कायम आहे. एर्स्ताला त्यांच्या जन्मस्थानी संग्रहालय आहे. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जावे.

मंडळी, आपली मुले घरी मराठी आणि बाहेर नॉर्वेजियन बोलतात. आजीच्या तोंडचा एखादा मालवणी किंवा वऱ्हाडी शब्द ऐकून ती हसली, तर त्यांना ओसेन यांची गोष्ट सांगूया आणि तो शब्द वहीत टिपून ठेवूया. घरच्या बोलीला मोल येते ते कोणीतरी ती आवडीने टिपून ठेवते तेव्हाच.