राजाने मागितलेली पायरी

चेरदेशाचे राजे कुलशेखर हे बारा आळवारांपैकी एक. त्यांचा काळ सामान्यतः ९ वे शतक मानतात. रामकथेत प्रभू खरासुराशी एकाकी झुंजत आहेत असे ऐकताच त्यांनी सैन्य सज्ज करविले, अशी परंपरा आहे. त्यांच्या तमिळ ‘पेरुमाळ तिरुमोळि’त १०५ पद्ये आहेत. गजारूढ वैभव, किंबहुना स्वर्गाचे राज्यही नको म्हणून ते वेंकटाचलावर बगळा, मासा, प्रभूचे सुवर्णपात्र धरणारा सेवक होऊ इच्छितात. ऐश्वर्य न पाहिलेल्याने ते नाकारणे वेगळे. हा नाकारणारा खरोखर सिंहासनावर बसलेला होता! शेवटी शेवटी तर ते प्रभुमुख दिसावे म्हणून भक्तांच्या पायांखालची पायरी होऊ मागतात. तिरुमलेच्या गर्भगृहाचा उंबरा ‘कुलशेखरप्पडी’, म्हणजे कुलशेखरांची पायरी, याच नावाने ओळखला जातो.