बोळातला चेंडू आणि सर स्टॅन्ली मॅथ्यूज

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी फुटबॉलचा संघ निवडला गेला, तेव्हा माझे नाव राखीव खेळाडूंत लागले. मी चेंडू फार वेळ पायाशी ठेवतो, असे कारण मला सांगण्यात आले. आता यात माझा काय दोष? आमच्या पेठेतल्या बोळात एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला सायकलींची रांग, आणि मधल्या सहा-सात फुटांत दहा पोरे व एक रबरी चेंडू! तिथे चेंडू पायाशी ठेवला नाही तर तो थेट गटारात जातो. लहानपणापासून जे अंगी मुरले तेच आता दुर्गुण ठरले, याचा मला भारी राग आला. त्या रागातच मी ग्रंथालयात शिरलो आणि सर स्टॅन्ली मॅथ्यूज यांच्या चरित्राचा पिच्छा पुरवला. गल्लीतला खेळच खरा आणि मैदानावरची कवायत खोटी, हे मला सिद्ध करावयाचे होते. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या मनुष्याची ओळख करून घेऊ.

मॅथ्यूज यांचा जन्म 1 फेब्रुवारी 1915 रोजी इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट शहराच्या हॅन्ली या भागात झाला. चिनी मातीच्या भांड्यांसाठी जगभर नावाजलेला तो मुलूख. भट्ट्यांच्या धुराने काळवंडलेल्या चाळवजा घरांतून कामगारांची वस्ती असे. वडील जॅक मॅथ्यूज व्यवसायाने न्हावी आणि छंदाने मुष्टियोद्धे. दिवसा दुकानात कात्री आणि संध्याकाळी हातांत मुष्टियुद्धाचे मोजे, असा त्यांचा क्रम. चार मुलांपैकी तिसरा स्टॅन्ली आपल्यामागे हेच मोजे चढवील, अशी त्यांची इच्छा होती. पोराचा जीव मात्र चेंडूत अडकलेला.

हॅन्लीच्या पोरांना मैदान म्हणजे घराजवळचा मोकळा जमिनीचा तुकडा आणि रस्ता. शाळा सुटली की खेळ सुरू होई तो अंधार पडेपर्यंत. चेंडू बहुधा लहान रबरी. तो कुठे उसळेल याचा नेम नाही, त्यामुळे ज्याला तो काबूत आणता येई त्याला पुढे चामड्याचा मोठा चेंडू म्हणजे पोरखेळच वाटावा. खेळ संपल्यावरही स्टॅन्लीचे समाधान होत नसे. तो स्वयंपाकघरातल्या खुर्च्या परसात मांडी आणि त्यांच्यामधून तासन् तास चेंडू नेत राही. पुढे युरोपातल्या नामांकित बचावपटूंना ज्या हुलकावण्यांनी त्याने जागच्या जागी गरगरा फिरवले, त्यांचा जन्म त्या खुर्च्यांच्या गर्दीत झाला. त्याला हे शिकवायला कोणी गुरू नव्हता, फळा नव्हता, शिट्टीही नव्हती.

इथवर वाचले आणि मला आनंदाचे भरते आले. माझा खटला मी जिंकलोच होतो! परंतु चरित्र पुढे वाचू लागलो तसतसे काही वेगळेच दिसू लागले.

हे न्हावीबुवा मुलांना भल्या पहाटे उठवीत आणि छातीचे व्यायाम व दीर्घ श्वसन करून घेत. त्यात खाडा चालत नसे. खेळ रस्त्याचा असला तरी त्यासाठी लागणारे शरीर बापाच्या शिस्तीत घडत होते. मुलाचा ओढा फुटबॉलकडे आहे हे आईने ओळखले आणि त्याची बाजू घेतली. शाळेत फुटबॉल पाहणाऱ्या शिक्षकांनीही हा मुलगा नाव काढील असे भाकीत केले. शेवटी वडिलांनी तडजोड केली. इंग्लंडच्या शालेय संघात निवड झाली तर फुटबॉल, नाही तर मुष्टियुद्ध. 1929 साली, चौदाव्या वर्षी, स्टॅन्ली वेल्सविरुद्ध इंग्लंडच्या शालेय संघातून खेळला आणि वडिलांनी शब्द पाळला. म्हणजे रस्त्यावर फुललेले हे फूल पहिल्यांदा कोणी पाहिले असेल तर ते शाळेने. शाळा नसती तर हॅन्लीच्या त्या तुकड्यावरचा तो एक अनाम पोर राहिला असता.

पंधराव्या वाढदिवशी तो स्टोक सिटी क्लबच्या कचेरीत नोकर म्हणून लागला. वेतन आठवड्याला एक पौंड. 1932 साली सतराव्या वाढदिवशी तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि त्याच मार्च महिन्यात पहिल्या संघातून खेळला. 1934 साली इंग्लंडच्या संघात प्रवेश झाला. तेव्हापासून उजव्या बगलेवरचा हा किंचित वाकून चालणारा, दिसायला साधा खेळाडू पाहण्यासाठी लोक लोटू लागले. 1938 साली त्याने क्लब सोडायची परवानगी मागितली तेव्हा स्टोकमध्ये सुमारे तीन हजार लोक निषेधसभेला जमले. आपल्याकडे एखाद्या गवयासाठी तरी असे झाले असेल काय?

महायुद्धाची सहा वर्षे हवाई दलात गेली. ऐन उमेदीचा काळ तो. 1947 साली बत्तिसाव्या वर्षी स्टोकने त्याला साडेअकरा हजार पौंडांना ब्लॅकपूल क्लबकडे जाऊ दिले. या वयात अनेकांची कारकीर्द आटोपते. मॅथ्यूज मात्र सकाळी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन वाळूत जोरकस धावांचा सराव करी. लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा पहिल्या काही पावलांचा झपाटा त्याला मोलाचा वाटे. दारूला तो शिवत नसे आणि दर सोमवारी उपास करी. आपल्या आजीच्या सोमवाराला जे पुण्य लाभत असेल ते असो, या सोमवाराने एका खेळाडूला पन्नाशीपर्यंत मैदानावर ठेवले एवढे खरे.

वडील 1945 साली वारले. एफ. ए. कपचे पदक मुलाने जिंकावे ही त्यांची अखेरची इच्छा होती. ब्लॅकपूल 1948 च्या अंतिम सामन्यात हरले, 1951 च्याही हरले. 2 मे 1953 रोजी वेंब्ली येथे बोल्टनविरुद्ध तिसरी संधी आली तेव्हा मॅथ्यूज अडतीस वर्षांचा होता. बोल्टन 3-1 असे पुढे होते. मग उजव्या बगलेवर त्याने जो धुमाकूळ घातला त्याला तोड नाही. मॉर्टेन्सनने आपला तिसरा गोल करून बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या घटकेला मॅथ्यूजने मागे दिलेल्या चेंडूवर पेरीने चौथा गोल केला. तीन गोल मॉर्टेन्सनचे, तरी लोकांनी त्या सामन्याला नाव दिले ते मॅथ्यूजचे. परसातल्या खुर्च्यांनी बापाचे ऋण फेडले.

परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच वेंब्लीवर हंगेरीने इंग्लंडला 6-3 असे धुळीस मिळवले. मॅथ्यूज त्या संघात होता. त्या वेळी इंग्लंडचे व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम हे होते. 1946 पासून देशभरातील प्रशिक्षणाची धुराही त्यांच्याकडेच होती आणि फळ्यावर खडूने खेळ समजावून सांगणाऱ्यांचा तो प्रारंभकाळ होता. मॅथ्यूजचे मन त्या आखणीत रमत नसे. बगलेवर चेंडू द्या आणि मला सोडा, अशी त्याची वृत्ती. पण त्या दिवशी एकट्याच्या हुलकावण्यांनी भागले नाही. हंगेरीचे अकरा जण एकमेकांच्या मनातले ओळखून खेळत होते.

आता यातली गंमत पाहा. हंगेरीचा पुश्कास बुडापेस्टच्या किश्पेश्त वस्तीत चिंध्यांच्या चेंडूने खेळत वाढलेला, म्हणजे आमच्याच बोळाचा चुलतभाऊ. आणि हंगेरीच्या मंडळींनी आपल्या खेळाचे श्रेय कोणाला दिले, तर जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाला! पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी बुडापेस्टमध्ये मुलांना धडे दिले होते. स्वदेशी ज्याची कदर झाली नाही त्याची विद्या परदेशात फळली आणि पाहुणी होऊन घरी आली. रस्त्याने दिलेले पाय आणि गुरूने दिलेली दृष्टी एकत्र आल्यावर काय होते, ते इंग्लंडने स्वतःच्या अंगणात पाहिले.

मॅथ्यूजचा गौरव पुढेही होत राहिला. 1956 साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिलावहिला मान त्याला मिळाला. 1961 साली तो पुन्हा स्टोकला आला, तेव्हा पहिल्याच सामन्याला पस्तीस हजारांवर प्रेक्षक लोटले. 1965 साली सर ही पदवी मिळाली आणि पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी तो अखेरचा लीग सामना खेळला. एवढ्या काळात पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही. पुढे पोर्ट व्हेल क्लबचा कारभार पाहताना त्याने तरुण मुलांवर भिस्त ठेवली, पण यश आले नाही. 1968 साली नियमबाह्य पैसे दिल्यावरून त्या क्लबला लीगमधून काढले गेले आणि मग पुन्हा निवडून घेतले गेले. उत्तम खेळणे निराळे आणि खेळाडू घडवणारी व्यवस्था चालवणे निराळे, हा धडा त्या थोर माणसालाही चुकला नाही.

तरीही माझ्या मते त्याचे सर्वांत सुंदर काम त्यानंतरचे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा अंमल असताना तो सोवेटोच्या काळ्या वस्तीत जाऊन मुलांना शिकवू लागला. 1975 साली तेथील शाळकरी मुलांचा संघ घेऊन तो थेट ब्राझीलला गेला. ज्याला कोणी हुलकावणी शिकवली नाही तो म्हातारपणी प्रशिक्षक झाला, कारण धुळीत खेळणाऱ्या मुलांना बाहेरचे जग दाखवणारा कोणीतरी लागतो हे त्याला ठाऊक होते. 23 फेब्रुवारी 2000 रोजी तो वारला. त्याची रक्षा स्टोकच्या मैदानात मधल्या वर्तुळाखाली पुरली आहे.

दरम्यान इंग्लंडचे रस्ते मोटारींनी भरले आणि पोरे घरात गेली. 1984 ते 1999 या काळात लिलेशॉल येथे निवडक मुलांची निवासी शाळा चालली, मायकेल ओवेन तिथलाच. 1997 नंतर क्लबांच्या अकादमी निघाल्या. आणि इतके सारे करून लंडनच्या केनिंग्टन भागातला जेडन सँचो पुढे आला, तो जाळीबंद छोट्या अंगणांत पोरांशी खेळून आणि अकादमीतही शिकून. प्रश्न अजून तोच आहे. रस्ता आपोआप मिळत नाही, म्हणून आता तोही मुद्दाम राखावा लागतो.

असो. माझा खटला मी हरलो, पण पुरता नव्हे. चेंडू पायाशी ठेवणे हा दुर्गुण नाही. तो केव्हा सोडायचा हे बोळात कळत नाही, कारण तिथे सोडायला जागाच नसते. ते मैदानावर शिकावे लागते. आणि शिकवणाऱ्यांनाही एक नम्र विनंती. कवायत जरूर घ्यावी, पण शेवटची पंधरा मिनिटे शिट्टी खिशात ठेवून आम्हांला नुसते खेळू द्यावे. यंदा मी पुन्हा निवड चाचणीला उभा राहणार आहे. रोज संध्याकाळी परसात आमच्या आईच्या चार खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यापलीकडे धाकटा भाऊ पास घेण्यासाठी उभा असतो.