दोन महावीर चक्रं मिळवणारे बॉम्बर पायलट पद्मनाभ गौतम तुम्हाला माहीत आहेत का?

हवाई दल म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो फायटर पायलट. सिनेमात तोच, पोस्टरवर तोच आणि 26 जानेवारीच्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही तोच. बॉम्बर उडवणारा माणूस मात्र कुणाच्या फारसा लक्षात राहत नाही.

आता एक हिशोब बघा. महावीर चक्र हे परमवीर चक्राखालोखालचं युद्धकाळातलं शौर्यपदक. ते दोनदा मिळालेले आजवर फक्त सहा जण आहेत. त्यातले जनरल अरुणकुमार वैद्य आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. या सहांत हवाई दलाचे दोघंच, जगमोहन नाथ आणि पद्मनाभ गौतम. आणि या दोघांनीही ही पदकं फायटर विमानात बसून मिळवलेली नाहीत. दोघांचं विमान एकच होतं, कॅनबेरा. नाथ त्यातून शत्रूच्या मुलखाचे फोटो काढून आणायचे आणि गौतम त्यातून बॉम्ब टाकायचे.

यातल्या गौतम यांची ही गोष्ट. तिचा शेवट आपल्या पुण्यात झाला.

फायटर आणि बॉम्बर यांत फरक काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर फायटरचं मूळ काम आकाश आपल्या ताब्यात ठेवणं. शत्रूची विमानं अडवायची, पाडायची आणि आपल्या विमानांना संरक्षण द्यायचं. त्यासाठी ते चपळ लागतं. बॉम्बरचं काम जमिनीवरचं. शत्रूच्या हद्दीत खोलवर शिरून धावपट्ट्या, इंधनाचे साठे, रेल्वे यार्ड असं सगळं मोडून यायचं. त्यासाठी लांब पल्ला आणि जास्त वजन वाहण्याची ताकद लागते. चपळाई इथे कमी पडते.

गौतम यांचा जन्म 23 जुलै 1933 चा. ते हवाई दलात आले आणि 1957 मध्ये ब्रिटिश बनावटीची कॅनबेरा भारतात दाखल झाली. दोन जेट इंजिनं, पोटात बॉम्ब, आणि बॉम्बर प्रकारात दोनच माणसं. एक पायलट आणि एक वाट दाखवणारा नेव्हिगेटर. या विमानात एक गोष्ट अंगावर काटा आणणारी होती. संकट आलं तर पायलटला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती, पण नेव्हिगेटरला नव्हती. त्याला दारातून स्वतःच उडी मारावी लागायची. खाली उंचीच उरली नसेल तर तेही शक्य नव्हतं. म्हणजे पायलटच्या प्रत्येक निर्णयावर आणखी एक जीव टांगलेला असायचा.

कांगो आणि गोवा

1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी भारताने आपली कॅनबेरा विमानं आफ्रिकेतल्या कांगोत पाठवली. गौतम या मोहिमेत होते. तिथे कटांगा प्रांत फुटून निघाला होता आणि त्याच्याकडे थोडी लढाऊ विमानंही होती. डिसेंबरमध्ये भारतीय कॅनबेरांनी कोल्वेझीच्या तळावर हल्ला केला आणि ती विमानं जमिनीवरच निकामी केली. शत्रूचं विमान हवेत पाडण्यापेक्षा ते उडायच्या आधीच संपवलेलं बरं, हा बॉम्बरचा साधा हिशोब.

त्याच महिन्यात इकडे पुण्याहूनही कॅनबेरा उडाल्या. 18 डिसेंबर 1961 रोजी 12 विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत सुमारे 28 टन बॉम्ब टाकले. टर्मिनलच्या इमारतीला हात लावायचा नाही, असा आदेश होता आणि तो पाळला गेला. पोर्तुगीजांकडे तिथे लढाऊ विमानं नव्हती. त्यामुळे आपल्या फायटरना हवेत कुणी भेटलंच नाही. हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं आणि दमणमध्ये मिस्टेअर विमानांनी पोर्तुगीज तोफांवर हल्ले केले.

पण यातून बॉम्बरची मर्यादाही दिसली. त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं दाबोळीच्या उरल्यासुरल्या धावपट्टीवरून निसटली. खड्डे बुजवता येतात. म्हणूनच एकदा बॉम्ब टाकून काम संपत नाही. त्याच तळावर पुन्हा पुन्हा जावं लागतं.

1965 : अंधार हीच ढाल

1965 च्या युद्धात गौतम स्क्वाड्रन लीडर होते. पाकिस्तानकडे सेबर आणि स्टारफायटर ही फायटर विमानं होती. दिवसाउजेडी त्यांच्या तावडीत सापडलेली कॅनबेरा वाचणं कठीण. म्हणून ती प्रामुख्याने रात्री जायची, बहुतेकदा सोबतीला फायटर न घेता. सेबरकडे रात्री शिकार शोधता येईल असं रडार नव्हतं. स्टारफायटरकडे होतं.

21 सप्टेंबरच्या रात्री एका स्टारफायटरने एक भारतीय कॅनबेरा पाडली. पायलट इजेक्शन सीटमुळे वाचला आणि युद्धकैदी झाला. नेव्हिगेटर मात्र गेला. त्या काळात कॅनबेरात बसणाऱ्या प्रत्येकाला हा धोका माहीत होता.

अशा परिस्थितीत गौतम यांनी पाकिस्तानी पंजाबमधल्या गुजरात आणि चविंडा भागात मोहिमांचं नेतृत्व केलं. चविंडाला तेव्हा रणगाड्यांची मोठी लढाई पेटली होती. तिथे आघाडीवरच्या सैन्याला हवेतून मदत करणं हे बॉम्बरसाठी जास्तच अवघड. कारण आपले कुठे आणि शत्रूचे कुठे, हे वरून ओळखावं लागतं. या कामगिरीसाठी त्यांना पहिलं महावीर चक्र मिळालं.

1971 : मियांवालीवर दोनदा

सहा वर्षांनी पुन्हा युद्ध पेटलं, तेव्हा गौतम विंग कमांडर होते आणि एका बॉम्बर स्क्वाड्रनचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या हवाई तळांवर हल्ला केला. लगेच उलट उत्तर सुरू झालं.

5 आणि 7 डिसेंबरला गौतम यांनी मियांवालीच्या हवाई तळावर मोहिमा नेल्या. मार्गशीर्षातली पौर्णिमा 2 डिसेंबरलाच होऊन गेली होती. चंद्र उगवला की बॉम्बरला धावपट्टी दिसायची, पण खालच्या तोफचीलाही बॉम्बर दिसायचं. तळाभोवती विमानविरोधी तोफांचं कडं होतं. तरीही गौतम यांनी खूप खाली येऊन हल्ला केला. उंचावरून टाकलेला बॉम्ब भरकटतो, खालून टाकलेला नेमका पडतो, पण तेव्हा विमान तोफांच्या टप्प्यात येतं. आणि हाच धोका दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा पत्करला. तिथल्या तोफा कुठे आहेत हे त्यांना आता माहीत होतं आणि विमानं पुन्हा येऊ शकतात हे त्या तोफांनाही.

मॉन्टगोमेरी-रायविंड पट्ट्यातल्या रेल्वे यार्डवरही त्यांनी हल्ले केले. आघाडीवर रणगाडे आणि दारूगोळा पोचतो तो रेल्वेने. यार्ड मोडलं की पुढची लढाई आपोआप हलकी होते. या युद्धातल्या नेतृत्वासाठी त्यांना दुसरं महावीर चक्र मिळालं. त्यांच्या नावापुढे वायुसेना पदकही होतंच.

शेवट पुण्यात

युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. 25 नोव्हेंबर 1972 रोजी पुण्यात मिग-21 उडवताना झालेल्या अपघातात गौतम यांचा मृत्यू झाला. वय अवघं 39. आयुष्यभर बॉम्बर उडवलेला, दोन युद्धांत तोफांच्या माऱ्यातून सुखरूप परतलेला हा माणूस शांततेच्या काळात, एका फायटर विमानात गेला.

कॅनबेरा पुढे 2007 मध्ये निवृत्त झाली. आज भारतीय हवाई दलाकडे निव्वळ बॉम्बर म्हणावं असं विमान नाही. सुखोई-30 हवेत लढतं आणि जमिनीवर बॉम्बही टाकतं. 2019 मध्ये बालाकोटवर बॉम्ब टाकले तेही मिराज-2000 या लढाऊ विमानांनीच. म्हणजे गौतम यांचं काम संपलेलं नाही, ते आता फायटर पायलटच्याच अंगावर आलंय.

पुढच्या वेळी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरलात आणि सुखोईचा आवाज कानावर पडला, तर हे नाव आठवा. विंग कमांडर पद्मनाभ गौतम, महावीर चक्र, दोन वेळा.